दोन ठोक्यांच्या मधली जागा

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता जरा हलकंफुलकं काहीतरी करत जा. कुंड्या लावा, विणकाम करा."

मी म्हटलं, "मी रायफल चालवते."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला, डावी काडी बाहेर फाकलेली, स्क्रू ढिला. माझा उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात आणि काड्या सरळ करण्यात गेला. समोरचं माणूस काय बोलतंय यापेक्षा त्याचा चष्मा कसा बसलाय हे मला आधी दिसतं. त्या काडीकडे बघत बघतच मी माझा आजार ऐकून घेतला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. रक्त तिथे रेंगाळतं, गोठतं, आणि ती गुठळी सुटून मेंदूत गेली की खेळ खलास. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. रोज संध्याकाळी जेवणाबरोबर, एकही चुकवायची नाही, जन्मभर.

"मार लागू देऊ नका. जरा दाब पडला तरी काळंनिळं होईल. डोक्याला तर अजिबात लागता कामा नये," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या रायफलचं पुढच्या वेळी नीट बोलू."

पुढच्या वेळी मी तो विषय काढलाच नाही. विचारलं तर त्या नाही म्हणतील, आणि विचारलंच नाही तर त्यांना नाही म्हणायला जागाच राहत नाही, असं माझं साधं गणित. आणि हो, रायफलवाल्या बाईला गोळ्या खाव्या लागतात यावरचे विनोद माझ्यापुढे करू नका. औषधवाल्यापासून माझ्या भाचीपर्यंत सगळ्यांचे करून झालेत.

माझ्या रायफलने आजवर कागदाशिवाय कशालाही भोक पाडलेलं नाही. पन्नास मीटरवर कागद, कागदावर काळा गोल, गोलाच्या पोटात दहाचा बारीक ठिपका. आपण चटईवर पालथं झोपायचं. रायफल हलू नये म्हणून डाव्या दंडाला चामड्याचा पट्टा आवळायचा आणि तो पुढे रायफलीला अडकवायचा. पट्टा इतका घट्ट की दंडातली नाडी त्यातून रायफलीत उतरते, आणि दर ठोक्याला समोरचा काळा गोल टुणकन उडतो. नवशिकी माणसं त्याने बावचळतात. जुनी माणसं दोन ठोक्यांच्या मधली जागा धरतात आणि तिथे ट्रिगर दाबतात. त्या एवढ्याशा जागेत मला जितकं शांत वाटलंय तितकं दुसरीकडे कुठेच वाटलेलं नाही. घरी मी एकटी, दुकानात गिऱ्हाइकं, आणि भाचीचा फोन रविवारी. ती लहानपणी माझ्याकडेच वाढली, आता लांब असते. बोलते मनापासून, पण बोलता बोलता तिच्या मिक्सरचा आवाज येतो आणि "आत्या, ठेवते हं" म्हणते.

गेल्या हंगामात ती जागा मला सापडेनाशी झाली. गोल लागोपाठ दोनदा उडायचा, मग थबकायचा, मग तीनदा. दुसरं कुणी असतं तर छातीला हात लावून बघितला असता. मी पट्ट्याला शिव्या घातल्या. त्याला नवं भोक पाडलं, बक्कल बदललं, कोटाची बाही उसवून पुन्हा शिवून घेतली. ज्याने पट्टा विकला त्याला फोन करून इतकं झापलं की तो बिचारा पैसे परत द्यायला निघाला. शेवटी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी काउंटर धरून खाली बसले, तेव्हा कुठे कळलं की पट्टा बिचारा निर्दोष होता.

आता खुर्च्यांबद्दल सांगते, कारण सगळं त्यांच्यामुळे झालं.

आमच्या रेंजवर एक पद्धत आहे. जुन्या माणसाची नेमबाजी थांबली की त्याला मागच्या व्हरांड्यात एक खुर्ची देतात. चांगली सागवानी, पाठीवर नाव कोरलेलं. चहा होतो, टाळ्या होतात, सेक्रेटरी भाषण करतो. मग तो माणूस दर रविवारी येऊन त्या खुर्चीत बसतो. येणारे-जाणारे "काय, कसं काय" म्हणतात आणि पुढे जातात, कारण प्रत्येकाला आपली लेन गाठायची असते. एक खुर्ची मास्तरांची. अर्ध्या रेंजला त्यांनी श्वास कसा सोडायचा ते शिकवलं, मलाही. ते मांडीवर थर्मास घेऊन बसलेले असतात. मी कितीतरी रविवार त्यांच्यासमोरून "नमस्कार मास्तर" म्हणत, पाऊल न थांबवता गेलेय. बाकीच्या खुर्च्यांवरची माणसं एकेक करून यायची बंद झाली, पण खुर्च्या तिथेच आहेत.

मला ती खुर्ची नको होती. मेले तरी चालेल पण खुर्ची नको, असं मी म्हणायचे, आणि थट्टेत म्हणत नव्हते.

माझी लेन सात नंबरची. आठ नंबरला जो माणूस असतो त्याला मी मनातल्या मनात घुम्या म्हणते. तो डावखुरा, मी उजवी, म्हणून झोपलो की आमची तोंडं एकमेकांकडे होतात. काडतूस भरायला मान वळवली की समोर त्याचा चेहरा, जाड भुवया, गालावर रायफलीच्या दस्त्याचा वळ. वर्षानुवर्षं आम्ही असे तोंडासमोर तोंड करून झोपलोय आणि आमच्यात धड चार वाक्यं झालेली नाहीत. लाइनवर बोलायचं नाही हा नियम, आणि लाइनवरून उठला की तो रायफल पुसून, पेटी उचलून चालू पडतो. त्याचं लग्न झालंय का, तो कुठे राहतो, काय करतो, मला काही ठाऊक नव्हतं. पण तो शॉट सोडण्याआधी ओठ आत ओढतो आणि वाईट शॉट गेला की उजवा पाय हलवतो, हे मी झोपेतही सांगेन.

आमच्या गरीब रेंजवर दोन लेनमध्ये मिळून एक दुर्बीण. ती मधोमध स्टँडवर असते. आपलं टार्गेट बघायचं आणि बाजूला व्हायचं. दुसऱ्याच्या टार्गेटवर दुर्बीण फिरवायची नाही. फिरवलीच तर त्यावर बोलायचं नाही. कुणाचा कागद कसा पडलाय हे त्याच्या घरातलं भांडण असल्यासारखं मानतात.

गोळ्या सुरू झाल्यावर पट्ट्याने आपले रंग दाखवायला सुरुवात केली. पहिल्याच रविवारी घरी येऊन बाही वर केली तर दंडावर चांगला चार बोटं रुंद जांभळा पट्टा. पुढच्या रविवारी तो काळा, कडेने हिरवा. दुखत फारसं नव्हतं, दिसत भयंकर होतं. मी लांब बाह्यांचे कपडे घालायला लागले. गोळ्याही लपवल्या. काडतुसांची प्लास्टिकची ट्रे असते, भोकाभोकांची, एकेका भोकात एकेक काडतूस उभं राहतं. तशी एक रिकामी ट्रे घेऊन काचेवर खूण करायच्या पेनाने मी तिच्यावर वार लिहिले आणि दर भोकात एक लालसर गोळी टाकली. बरोब्बर बसली. ती ट्रे माझ्या पेटीत बाकीच्या काडतुसांबरोबर राहायची. कुणी पेटीत डोकावलं तरी त्याला वेगळं काही दिसलं नसतं.

पण बाही फसवते. एकदा कोट उतरवताना आतल्या सदऱ्याची बाही कोपराच्या वर गेली आणि नेमका सेक्रेटरी समोर. वयाने माझ्या भाचीएवढा, सगळ्यांशी गोड बोलणारा.

"अरे बापरे, मावशी, हे काय झालं?"

"दारावर आपटले."

"जपा हो आता. किती दगदग करता. आणि काळजी कसली करता, तुमची खुर्ची तर ठरलेलीच आहे." असं म्हणून त्याने माझ्या खांद्यावर प्रेमाने थोपटलं. खरंच प्रेमाने. म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

त्या दिवशी घरी जाऊन मी खूप वेळ भिंतीकडे बघत बसले. भीती वाटत होती, उगाच नाही कशाला म्हणू. गुठळीची नाही. दर रविवारी सकाळी सात नंबरची लेन माझी वाट बघते, दुसरं कुणी बघत नाही, आणि तीही गेली तर सोमवार ते रविवार नुसता एक लांबलचक दिवस उरेल, त्याची.

मग मी शहाणपणा केला. रविवारच्या आधीच्या दोन संध्याकाळी गोळी घ्यायची नाही असं ठरवलं. शुक्रवारची नाही, शनिवारची नाही, रविवारी संध्याकाळपासून पुन्हा चालू. दोन दिवसांत रक्त थोडं घट्ट होईल, दंड कमी काळा पडेल, आणि उरलेले दिवस औषध आहेच की. उरलेल्या गोळ्या डबीत परत टाकायच्या. झालंही तसंच. पुढच्या रविवारी दंडावर नुसती फिकट रेघ उठली. मी आरशासमोर उभी राहून स्वतःवर खूश झाले. हे असले धंदे करणारं कुणी गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर मी त्याला उभं धुतलं असतं.

त्याच सुमारास एक गोष्ट घडली. कागद बदलून परत आले आणि दुर्बिणीला डोळा लावला, तर दुर्बीण आधीच माझ्या टार्गेटवर होती. तिच्यातून शेवटचं बघितलं होतं ते घुम्याने. म्हणजे हा माणूस माझं टार्गेट बघत होता. डोक्यात तिडीक गेली. पण बोलायचं नाही हा नियम माझ्यासाठीही होताच, मग मी दुर्बीण जरा जोरातच फिरवली आणि आडवी झाले. त्याने काही ऐकलं नाही असं दाखवलं.

मग हंगामाची शेवटची मॅच आली. रविवार, सकाळचं स्वच्छ ऊन, वारा नाही. शुक्रवार-शनिवारच्या गोळ्या ट्रेमध्ये तशाच. दंड गोरापान. मी अशी झोपले की वाटलं आज माझा दिवस आहे. पहिले शॉट दहाच्या ठिपक्याला चिकटून गेले. घुम्याचंही चांगलं चाललेलं असावं, कारण त्याचा पाय एकदाही हलला नव्हता.

अर्ध्यावर गेल्यावर डावा हात जड झाला. मग बधिर. बोटं कुठे आहेत ते कळेना. मला आश्चर्य वाटलं नाही. पट्टा घट्ट झाला की हात झोपतो, प्रत्येक नेमबाजाचा झोपतो. मी पट्टा एक भोक सैल केला आणि मनात त्याला शिवी दिली. पुन्हा निशाणा धरला. काळा गोल दिसला, शॉट सोडला. दुर्बिणीत बघते तर माझ्या कागदावर नवं भोकच नाही. कागदाबाहेर गेला? माझा? आयुष्यात गेला नव्हता. पुन्हा एक सोडला. पुन्हा काही नाही. पट्टा आणखी सैल केला. हात तसाच, मेल्यासारखा.

तिसरा सोडला आणि मान वळवली तर घुम्या माझ्याकडे बघत होता. रायफल खाली ठेवलेली. माझे तीनही शॉट त्याच्या कागदावर गेले होते.

दुसऱ्याच्या कागदावर शॉट मारणं याहून मोठी नाचक्की आमच्यात नाही. पद्धत अशी की ज्याच्या कागदावर परकं भोक पडलं त्याने गुपचूप हात वर करायचा, पंच येतात, कानात बोलतात, मारणाऱ्याचे गुण कापतात. त्याने हात वर केला नाही. तो उभा राहिला. चालू मॅचमध्ये चटईवरून उठला की त्याची मॅच तिथेच संपते, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. उभा राहून तो ओरडला, "फायर बंद करा."

सगळी लाइन थांबली. एवढा आवाज त्या माणसाच्या घशात होता हे मला तेव्हा कळलं. मला भयंकर राग आला. गाढवा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलताच काहीतरी ओला आवाज आला. मी म्हणायला गेले, पट्टा घट्ट झालाय. ते मात्र त्याला समजलं.

तो माझ्या चटईवर गुडघे टेकून बसला होता. म्हणाला, "पट्टा मी केव्हाच सोडलाय. हात उचला."

मी बघितलं. पट्टा खरंच चटईवर पडला होता. मी हात उचलला. म्हणजे, उचलला असं मला वाटलं. हात पट्ट्याशेजारी तसाच पडून राहिला.

दवाखान्यात सेक्रेटरीच्या गाडीतून नेलं. सेक्रेटरी गाडी चालवताना रडत होता, त्याला गप्प करायला मला तोंड नव्हतं. घुम्या मागे माझ्या शेजारी, कोट तसाच अंगात, पायाशी माझी पेटी. नेमबाज आपली पेटी मागे सोडत नाही, आणि त्याने माझीही सोडली नव्हती.

तरुण डॉक्टर भराभर विचारत होता. कधी सुरू झालं? घुम्याने वेळ सांगितली, मिनिटासकट. मॅचचं घड्याळ त्याच्या समोरच असतं. आधीचा काही आजार? रक्त पातळ करायचं औषध चालू आहे?

"माहीत नाही," घुम्या म्हणाला.

मी मान हलवली. हो, आहे.

डॉक्टरचा चेहरा पडला. तो नर्सला म्हणाला, "मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येणार नाही. रक्त आधीच पातळ असेल तर मेंदूत रक्तस्राव होईल."

मला सांगायचं होतं की औषध चालू आहे, पण दोन दिवस घेतलेलं नाही. एवढंच सांगायचं होतं. जीभ तोंडात जाड पडून राहिली. आणि खोटं का बोलू, नुसती जीभच आडवी आली नाही. त्या माणसासमोर ते कबूल करायचं होतं. मी म्हातारी, शहाणीसुरती, दंड गोरा दिसावा म्हणून औषध चुकवलं, हे त्याच्यासमोर. तेवढ्यातही लाज वाटली, बघा. मग उजव्या हाताने मी पेटीकडे बोट दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं.

त्याने पेटी उघडली. वर काडतुसांच्या ट्रे होत्या. नर्स म्हणाली, "अहो, हे काय, गोळ्याबिळ्या इथे काढू नका." तो थांबला नाही. त्याने एक ट्रे बाजूला ठेवली, दुसरी ठेवली, आणि तिसरी उजेडाकडे धरली. आम्ही नेमबाज मॅचभर दुसरं काय करतो? किती गेले, किती उरले, ट्रेकडे एक नजर टाकून आम्हाला कळतं. त्यालाही कळलं.

"गुरुवारपर्यंत घेतल्यात," तो डॉक्टरला म्हणाला. "शुक्रवार भरलेला आहे. शनिवारही."

डॉक्टर माझ्यावर वाकला. "आजी, दोन दिवस गोळी घेतलेली नाही? नक्की?"

मी मान हलवली. घुम्याकडे बघितलं नाही. रक्त तपासलं, खात्री केली आणि इंजेक्शन दिलं. दाराशी नर्स त्याला विचारत होती, तुम्ही यांचे कोण?

"शेजारचा."

"घराशेजारी राहता?"

"आठ नंबर," तो म्हणाला. तिने काय लिहून घेतलं देव जाणे. संध्याकाळपर्यंत तो तिथल्या बाकावर तो जाड कोट घालून बसून होता, हे मला नंतर तिनेच सांगितलं. भाची रात्रीच्या विमानाने आली, तोवर तो निघून गेला होता.

बोलणं आठवड्याभरात परत आलं, माझ्या ओळखीच्यांच्या दुर्दैवाने सगळंच्या सगळं. हात तेवढा परत आला नाही. डाव्या हाताची दोन बोटं अजून कामचुकारपणा करतात.

भाची गेल्यावर मी पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि या खेपेला सगळं सांगितलं. पट्टा, दंड, शुक्रवार, शनिवार.

त्या म्हणाल्या, "मला विचारलं का नाहीत? मी तुम्हाला सोडा म्हटलं होतं का?"

"कुंड्या लावा म्हणाला होतात."

"तुम्ही काय करता ते मला माहीत नव्हतं तेव्हा. पट्ट्याखाली जाड फोम घालायचा. नाहीतर पट्टा सोडून रायफल स्टँडवर टेकवायची. दंड काळा पडला असता तर पडू द्यायचा होता, त्याने काही होत नाही. वर्षानुवर्षं खेळला असतात."

त्यांनी रागाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तीच काडी, तशीच फाकलेली. मी म्हटलं, "आणा तो इकडे," आणि पर्समधून माझा छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. ही गोष्ट मी हजारो वेळा केली असेल. डाव्या हाताने फ्रेम धरायची, उजव्याने स्क्रू. फ्रेम धरली आणि ती बोटांतून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. बाईंनी हात पुढे करून फ्रेम धरली आणि मी स्क्रू आवळला. दोघींपैकी कुणीच वर बघितलं नाही.

म्हणजे खुर्ची मिळालीच. टाळ्या झाल्या, सेक्रेटरीने भाषण केलं, त्यात तो पुन्हा रडला. पाठीवर माझं नाव सुबक कोरलंय, त्यात खोट काढायला जागा नाही. पहिल्या रविवारी मी जाऊन बसले. समोरून सगळे गेले. काय मावशी, बरं वाटतंय ना, छान छान. कुणी थांबलं नाही. मी तरी कुठे थांबले होते. मास्तरांनी शेजारच्या खुर्चीतून थर्मास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "आलीस पोरी? ऊन इकडे दहा वाजता येतं." तेवढंच बोलले. मी इतकी वर्षं त्यांना बसून एकदाही विचारलं नव्हतं की मास्तर, तुमच्याकडे ऊन कधी येतं. मी थर्मासचं झाकण काढलं आणि आधी त्यांना चहा ओतला.

सात नंबरची चटई गुंडाळलेली होती. घुम्या आठ नंबरला होता, व्हरांड्यापासून दहा-बारा पावलांवर. त्याने मला बघितलं, मान जराशी हलवली आणि झोपला. आभार मानायचे म्हणून मी घरून वाक्यं तयार करून आले होते, ती तशीच तोंडात राहिली. सराव संपला की रायफल पुसून हा चालू पडणार, हे मला माहीत होतं.

पण पहिला कागद संपल्यावर तो उठला. आत पेटीत हात घातला आणि ट्रे काढली. माझी. दवाखान्यापासून त्याच्याकडेच राहिली होती. ती त्याने माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाला, "भरा."

"आता वारांची डबी आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"हीच भरा," तो म्हणाला आणि परत गेला. आभाराचं वाक्य राहिलंच.

मी ट्रे भरली, आठवडाभर रोज एक भोक रिकामं केलं आणि पुढच्या रविवारी ती घेऊन गेले. का नेली, मला विचारू नका. बसले. मास्तरांनी चहा दिला. तिकडे घुम्याने दुर्बिणीचा स्क्रू सैल केला, स्टँड जागेवरच अर्धा वळवला आणि दुर्बीण सरळ माझ्यावर रोखली. सगळ्या लाइनसमोर. दहा पावलांवरची बाई बघायला याला दुर्बीण लागते. दोघं-तिघं वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग लक्षात आलं. मी ट्रे उचलली आणि त्याच्या दिशेने उभी धरली. डावा हात लटपटत होता, म्हणून उजव्याने खालून आधार दिला. त्याने डोळा लावला. वेळ घेतला, भोक न भोक मोजल्यासारखा. सोमवार रिकामा, मंगळवार रिकामा, शुक्रवार रिकामा, शनिवार रिकामा.

त्याने मान हलवली, दुर्बीण परत टार्गेटवर फिरवली आणि आडवा झाला.

दर रविवारी हे चालतं. तो येऊन बसत नाही, मी बोलावत नाही, रेंज सुटली की तो त्याच्या रस्त्याने जातो आणि मी माझ्या. घर तसंच रिकामं असतं. संध्याकाळी मी एकटीच जेवते आणि जेवणाबरोबर गोळी घेते. ती घेताना मला रविवारची आठवण येते. तो बघणार आहे.